पायाला भिंगरी

१४ जुलै

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले, जेवले, झोपले, उठले. एवढंच सांगून मी फोन ठेवून दिला म्हणून तू फुरंगटलीस, असं मामाने कळवलं. खरंच आहे. जन्मभर टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसलेल्या बाईला नुसतं तोंडी 'बरी आहे' कसं पुरणार? तिला शिक्का मारलेला पुरावा लागतो. तर हा घे.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की सायकलदुरुस्तीचं दुकान आणि दार उघडलं की घरमालकीण. दोन्हीकडे सकाळपासून खटपट चालू असते. पलंग बरा आहे, पण टेबलाचा एक पाय तोकडा आहे. कृत्रिम पाय बनवायला शिकायला आलेल्या मुलीच्या नशिबी नेमकं असं टेबल यावं ना!

संस्थेच्या वर्कशॉपमध्ये शिरले आणि हसूच फुटलं. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर पायच पाय. रबरी, लाकडी, प्लॅस्टिकचे, डावे एकीकडे, उजवे दुसरीकडे. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तू लहानपणी सारखं म्हणायचीस, आणि शेवटी ते नावच मला चिकटलं. आता ही भिंगरी दुसऱ्यांना पाय करून देणार.

सुरुवात प्लॅस्टरपासून. माणसाचा जेवढा पाय उरलेला असतो त्याला ओली प्लॅस्टरपट्टी गुंडाळायची, वाळली की अलगद उतरवायची, आणि त्या पोकळीत पातळ प्लॅस्टर ओतून त्या पायाची हुबेहूब प्रतिकृती काढायची. मग कानस घेऊन बसायचं. जिथे वजन सोसतं तिथे घासायचं, जिथे हाड वर आलेलं असतं तिथे उलट भर घालायची, म्हणजे नवा पाय टोचत नाही. ऐकायला सोपं. माझ्या हातून पहिल्या दिवशी जे निघालं ते पाहून शेजारच्या टेबलावरच्या मुलाने हा भोपळा कुणाचा म्हणून विचारलं. हा मुलगा ताडमाड उंच आहे, त्याला सगळे लांब्याच म्हणतात.

आता मुद्द्याचं. निघताना आईने गाडीच्या खिडकीतून हात धरून बजावलं की तिथे कुणापाशी 'ते' काढू नकोस. आमच्या घरात स्किझोफ्रेनियाला 'ते' म्हणतात, जसा काही तो लांबचा पाहुणा आहे आणि नाव घेतलं की येऊन टपकेल. तिला दोष देत नाही. कॉलेजच्या बसमधले लोक खोकून खोकून माझ्याविषयी एकमेकांना निरोप देतात असं मला एकोणिसाव्या वर्षी वाटायला लागलं, तेव्हापासून इस्पितळ, सुटलेलं कॉलेज, घरात बसून काढलेली वर्षं, सगळं तिने एकटीने निभावलं. बाबा त्याआधीच गेले होते. तिला वाटतं, कळलं की लोक मला हाकलतील. पण मामी, इथे भट्टी आहे, गरगर फिरणारं घासायचं यंत्र आहे. रात्रीच्या गोळीमुळे सकाळी माझ्या पापण्या जड असतात आणि हात किंचित कापतो. शिवाय कानात तो समालोचक आहेच, आता ही उठली, आता हिने चूक केली म्हणणारा. हल्ली त्याचा आवाज शेजारच्या घरातल्या रेडिओएवढाच येतो, पण येतो. न सांगता वर्ष निभेल का? आणि सांगितलं तर वर्ष मिळेल का?

उत्तर लवकर धाड. मामाला नमस्कार. आईला यातलं काही नको. माया आहेच, ती अशीच वाहती राहू दे.

तुझी
भिंगरी


२२ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र मी खिडकीवरच फोडलं, रांग थांबवून. एका गृहस्थांनी काचेवर टकटक केलं, तेव्हा त्यांना सांगितलं की सरकारी काम चालू आहे.

इकडची मोठी बातमी म्हणजे मी गाडी चालवायला शिकते आहे. हस, पोटभर हस. तुझ्या मामाने गाडी घेतल्याला युग लोटलं. तो ती रोज पुसतो आणि महिन्यातून एकदा चालवतो. म्हटलं, पन्नाशी उलटली, आता नाही तर कधी? पहिल्या दिवशी चौकात मी गाडी इतकी सुरेख थांबवली की मला माझंच कौतुक वाटलं. नंतर कळलं, शिकवणाऱ्या गृहस्थांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तुझा मामा मागच्या सीटवर दाराची कडी धरून डोळे मिटून बसतो आणि वर म्हणतो की झोप लागली होती. अगं, हा माणूस झोपला की घोरतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

आता तुझं. गावभर दवंडी पिटायची गरज नाही, पण एका माणसाला सांग. तुझ्या हाती जो यंत्र देतो, त्याला तुझ्या हाताबद्दल माहीत असायला हवं. तुझ्या आईची भीती खोटी नाही. लोक वाईट वागतात, तिने ते पाहिलंय. पण तिने तुला जपलं ते पार्सलासारखं, वर 'नाजूक, सांभाळून उचला' असं लिहून. मी जन्मभर तसली पार्सलं हाताळली. ती कपाटात ठेवायची नसतात गं, पोचवायची असतात.

हाकललं तर काय, असं विचारशील. तर मी गाडी घेऊन येईन आणि तिथल्या लोकांशी बोलेन. पहिल्या गिअरमध्ये निघाले तरी कधी ना कधी पोचेनच.

मामाचे आशीर्वाद. जेवणाची आबाळ करू नकोस. आमच्या मनात तू असतेसच, पत्रातूनही येत जा.

तुझी
मामी


१९ ऑगस्ट

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं!

आमच्या मुख्य शिक्षिकेला सगळे नुसतं बाई म्हणतात. चण बारीक, जीभ कानशीसारखी. मी घोकून नेलेलं भाषण दुसऱ्याच वाक्यात संपलं. बाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि विचारलं की झोप कोणत्या वेळी जास्त येते, हात दिवसभर कापतो की सकाळीच, आणि बिघडायला लागलं की सगळ्यांत आधी काय होतं. मामी, हे प्रश्न आजवर डॉक्टरांखेरीज मला कुणीच विचारले नव्हते. लोक एकतर दचकतात, नाहीतर डोक्यावरून हात फिरवतात. मी म्हटलं, आधी झोप उडते, आणि मग साध्यासुध्या वस्तू माझ्याविषयी बोलायला लागतात. त्या म्हणाल्या की तसं झालं तर उठून माझ्याकडे यायचं, मी वर्गात शिकवत असले तरी.

मग त्यांनी वेळापत्रक काढून माझं यंत्रावरचं काम दुपारवर ढकललं, आणि कोपर टेबलाला टेकवून कानस कशी धरायची ते दाखवलं. वर म्हणाल्या की खरं तर सगळ्यांनीच अशी धरायला हवी, पण बाकीच्यांचे हात कापत नाहीत म्हणून त्यांना अक्कल येत नाही. आता माझे भोपळे हळूहळू पायासारखे दिसायला लागलेत.

लांब्यालाही सांगितलं. तो इकडेतिकडे बघून म्हणाला की त्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, कातडीच्या रंगाचं प्लॅस्टिक निवडताना तो दर वेळी अंदाजाने ठोकून देतो, आणि हे त्यानेही इथे कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून रंग मी बघते आणि सकाळी माझा डोळा लागला की तो मला ढोसतो.

आणि मला माझा पहिला माणूस मिळाला! हे निवृत्त बस कंडक्टर आहेत. मधुमेहापायी एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यांना आम्ही कंडक्टरआजोबा म्हणतो. वर्कशॉपच्या दारात कुणी घुटमळलं की अजून आत सरका, आत सरका म्हणून ओरडतात. मी मोजमाप घेताना मला म्हणाले की पोरी, तुझा हात कापतोय. मी म्हटलं, आजोबा, तुमचा पायही कापतोय. मग दोघंही हसलो आणि दोन्ही थांबलं.

तुझ्या गाडीचं ऐकून लांब्याने विचारलंय की तू गाडी काढतेस तेव्हा आपल्या गावात पायी चालणारे कुठून चालतात. राग मानू नकोस. मामाला म्हणावं, डोळे मिटलेस तर निदान घोरत तरी जा. तुमच्या आशीर्वादाचं छत्र डोक्यावर असू दे.

तुझी
भिंगरी


६ फेब्रुवारी

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

मध्ये पत्रात खंड पडला, कारण परीक्षा तोंडावर आली आहे. शेवटच्या परीक्षेत एक अख्खा पाय स्वतः करून दाखवायचा असतो. मी कंडक्टरआजोबांचा करते आहे. त्यांचा पहिला पाय सैल झाला, त्यामुळे हा नवा.

पाय चांगला बसलाय, पण तो करकरतो. पाऊल टेकलं की बारीक करकर. घोट्याचा स्क्रू काढून परत बसवला, तेल दिलं, पट्टा बदलला, तरी आहेच. लांब्या म्हणतो त्याला काही ऐकू येत नाही, पण त्याचं लक्ष असतं कुठे? आजोबाही नाही म्हणतात, पण त्यांच्या वयाला कानांचं काय सांगावं? बाईंना अजून दाखवलं नाही, उगाच गुण कापतील. उद्या सगळा पाय पुन्हा खोलते. करकर आली कुठून हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही. काल झोपही धड झाली नाही, अभ्यासच एवढा आहे.

घरमालकीण हल्ली माझ्या पावलांकडे बघत असते. का कोण जाणे.

तुझ्या लायसनच्या परीक्षेचं कळव. घाईत आहे.

तुझी
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उ. आ.

लायसन मिळालं. पहिल्या खेपेला परीक्षकांनी मला रिव्हर्स घ्यायला सांगितलं आणि मी त्यांच्या खुर्चीकडे गेले, म्हणून तेव्हा नापास. या खेपेला खुर्ची त्यांनी आधीच उचलून ठेवली होती.

आता भिंगरे, तुला सरळ विचारते. ती करकर तुझ्याखेरीज एकाने तरी ऐकली का? तुझ्या पत्रात कारणं पुष्कळ आहेत आणि थट्टा एकही नाही. असं पत्र तू मला आजवर लिहिलेलं नाहीस. वाचून लगेच फोन केला, तो तू उचलला नाहीस. कदाचित पाय खरंच करकरत असेल. तसं असेल तर मला चार शिव्या दे आणि कामाला लाग. पण तसं नसेल तर आधी बाईंकडे जा, परीक्षेचा विचार मागाहून.

हे पत्र मी तातडीच्या थैलीत स्वतः टाकलंय. उद्या तुझ्या हाती पडेल. त्यानंतरही तुझा फोन आला नाही, तर मात्र मी घरमालकिणीला फोन करणार. आधी तुला विचारते आहे, कारण तू आता लहान नाहीस.

जिवाला जप.

तुझी
मामी


२० फेब्रुवारी

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र लांब्याने मला इस्पितळात आणून दिलं, म्हणून फोनही केला नाही. तो बाईंनी तुला केला, हे मला नंतर कळलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, एकानेही नाही.

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी आजोबांचा पाय खोलून त्याचे सगळे भाग टेबलावर मांडून ठेवले होते. सुटे भाग, कोणी घातलेले नाहीत, कशाला जोडलेले नाहीत. तरी करकर चालूच. वर पाहिलं तर फळ्यांवरचे सगळे पायही करकरत होते आणि ते माझ्याबद्दलच बोलत होते, की ही खोटी आहे, हिला इथून काढा. त्या क्षणी मला ते अगदी खरं वाटत होतं मामी, हे तुला कसं सांगू? तरी मनाच्या एका कोपऱ्यात एवढं उमगत होतं की पाय कोणी घातल्याशिवाय करकरत नाही. माझा धंदाच आहे तो. तेवढं धरून मी उठले आणि बाईंच्या वर्गाचं दार ढकललं. त्या फळ्यावर घोट्याचं चित्र काढत होत्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं की वस्तू बोलायला लागल्या. बाईंनी खडू खाली ठेवला, एप्रन काढला आणि मला घेऊन थेट डॉक्टरांकडे आल्या. मी वाटेत त्यांच्यावरही संशय घेतला. त्या म्हणाल्या की खुशाल घे, पण चालत राहा.

औषध बदललंय. करकर थांबली. समालोचक परत शेजारच्या घरी राहायला गेला. तोंड सारखं कोरडं पडतं आणि डोकं कापसाने भरल्यासारखं वाटतं, पण ते उतरेल म्हणतात. परीक्षा मात्र हुकली.

आईने फोनवर पहिलंच विचारलं की गोळी चुकवलीस ना? मी एकही चुकवली नव्हती. डॉक्टर म्हणाले की गोळ्या नेमाने घेऊनही कधीकधी हे उलटतं, त्यात कुणाचा दोष असतोच असं नाही. आईला ते पटत नाही. दोष असेल तर तो सुधारता येतो, नसेल तर काय करायचं, असं तिला वाटत असावं. ती मला न्यायला यायचं म्हणते आहे. मामी, मला आवाजांची भीती वाटत नाही एवढी तिच्या बॅगेची वाटते. एकदा सामान भरून घरी गेले की परत उंबरा ओलांडायला पुन्हा किती वर्षं लागतील? मला यायचं नाही. तू तिला सांग. तुझं ती ऐकते. निदान तुला घाबरते.

तुझ्या मायेची गरज एरवीपेक्षा जरा जास्तच असलेली,
भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला पत्रं लिहायची सवय नाही. तुझ्या मामीने समोर कागद ठेवलाय आणि ती गाडी पुसायला गेली आहे. आता मामा आणि ती, दोघं मिळून पुसतात.

तुझ्याकडून आम्ही परत सुखरूप पोचलो. जाताना वाटेत मी तुझ्या मामीला दोनदा म्हटलं होतं की राहू दे, मागे फिरू, मी एकटी आगगाडीने जाऊन तुला घेऊन येते. ती म्हणाली की मागे फिरायला तिला अजून नीट जमत नाही, तेव्हा सरळच जावं लागेल. तुझा मामा पुढे बसून रस्ताभर पाट्या मोठ्याने वाचत होता. अशा तऱ्हेने तुझ्यापर्यंत आलो. मी मोठी रिकामी बॅग घेऊन आले होते, ती तू पाहिलीस.

दुसऱ्या दिवशी तुझ्या बाईंनी मला वर्कशॉपमध्ये खुर्ची दिली. मला वाटलं, त्या माझी समजूत घालतील. त्या सरळ कामाला निघून गेल्या. मग ते कंडक्टर आले. तू त्यांच्यापुढे जमिनीवर बसून पट्टा आवळत होतीस आणि त्यांनी घरी पायमोजा घातला नाही म्हणून त्यांना रागावत होतीस. कातडी सोलवटली तर जबाबदार कोण, असं काय काय. ते एवढे मोठे गृहस्थ, पण मान खाली घालून ऐकत होते. तू आजारी पडल्यापासून मी तुला कुणावर रागावताना पाहिलंच नव्हतं. तू सगळ्यांना घाबरायचीस आणि मी तुझ्यासाठी घाबरायचे. त्या दिवशी मला वाटलं, आता ही पोर दुसऱ्यासाठी घाबरते आहे. ते निराळं असतं.

बॅग रिकामी नेणं जिवावर आलं म्हणून तुझ्या चादरी, पडदे आणि तो कळकट एप्रन धुवायला आणला आहे. पार्सलने पाठवते. मामी तिकिटं लावू देत नाही, म्हणते तीच लावणार.

शेजारणीने विचारलं की मुलगी काय करते. आजवर मी, ती कॉलेजात आहे असं सांगून विषय बदलायचे. या वेळी सांगितलं की पाय बनवायला शिकते. तिने लगेच स्वतःचा गुडघा पुढे केला. आजाराचं सांगितलं नाही. ते मला अजून जमत नाही. जमेल.

बाईंना तू काय काय सांगितलंस, आधी कशावरून ओळखायचं, मग काय करायचं, ते मलाही सविस्तर लिही. स्किझोफ्रेनियाबद्दल मी काळजी पुष्कळ केली, पण तुला विचारलं कधी नाही.

मी चांगली आहे. तू झोप वेळेवर घे.

तुझी
आई

ता. क. तो शब्द मी इथे पहिल्यांदाच लिहिला. स्पेलिंग मामीला विचारलं.


२ जून

ती. मामीस आणि ती. आईस (एकत्र वाचावं, खेचाखेची करू नये),
शि. सा. न. वि. वि.

पास! हुकलेली परीक्षा पुन्हा देऊ द्यावी म्हणून बाई कुणाकुणाच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या ते त्या सांगत नाहीत, पण संस्थेतले कारकून अजून त्यांना पाहिलं की उठून उभे राहतात. कंडक्टरआजोबा परीक्षेला इस्त्रीचा शर्ट घालून आले. परीक्षकांनी चालायला सांगितलं तर त्यांनी चालून दाखवलंच, शिवाय परीक्षकांना आत सरकायला सांगितलं. लांब्या मार्चमध्येच पहिला आला होता. माझा नंबर शेवटून मोजलेला बरा. पण प्रमाणपत्राचा कागद सगळ्यांना सारखाच जाड दिलाय, मी हाताने बघितला.

नोकरीचं मात्र सहज झालं नाही. पहिल्या ठिकाणी माझं काम त्यांना आवडलं, कधीपासून येता इथपर्यंत गाडी आली, तेव्हा मी आजाराचं सांगितलं. समोरचे साहेब फार गोड झाले. इतके गोड की मला तिथेच कळलं. कळवतो म्हणाले, ते कळवतायत अजून. खोलीवर येऊन रडले, मग तोकड्या टेबलाखाली घालायला रबराचा एक छान तुकडा कापला, चारही पाय सारखे केले. राग हाताला लावला की उतरतो.

दुसरं ठिकाण म्हणजे एका इस्पितळाचं वर्कशॉप, रेल्वेने दोन तासांवर. तिथले प्रमुख जाड चष्म्याचे, पोक्त गृहस्थ आहेत. त्यांनाही सगळं सांगितलं, करकरीसकट. की कधी तुम्हाला येऊन विचारीन, हा आवाज तुम्हालाही येतोय का, तेव्हा खरं उत्तर द्या. त्यांनी कानाला हात लावला आणि मोठ्याने पुन्हा सांगायला लावलं. ते म्हणाले की त्यांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याने सोयीपुरतं, तेव्हा हा प्रश्न त्यांना विचारून उपयोग नाही, पलीकडे शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांना सुई पडलेलीही ऐकू येते, त्यांना विचारत जा. मग सकाळी उशिरा आलं तर चालेल का असं मी विचारलं. त्यांनी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबशील का असं विचारलं. जमलं की!

पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं आहे. आई, नव्या डॉक्टरांचा पत्ता मिळालाय, औषधं तीच. तू मागितलेलं सगळं सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. तुम्हा दोघींच्या धाकात आणि लाडात असणारी,

भिंगरी


११ जून

चि. भिंगरीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र तुझ्या आईने एकटीने उभ्या उभ्या वाचलं आणि मग मला दिलं. एकत्र वाचायचा हुकूम पाळला गेला नाही, याची तक्रार नोंदवून ठेवते. संध्याकाळी ती स्वतःहून आमच्याकडे आली आणि म्हणाली की फिरायला जाऊ, गाडीने. तुझा मामा चप्पल शोधायला लागला, तर ती म्हणाली की तो नको, फक्त आपण दोघी. नदीपर्यंत जाऊन आलो. वाटेत ती गाणं गुणगुणत होती. सूर तिला कधीच नव्हता, पण मी गाडी मुद्दाम लांबच्या रस्त्याने आणली.

त्या गोड साहेबांचा राग मला अजून आहे. माझा रागही हाताला लागतो गं, पण माझ्या हाती शिक्का असतो, तेव्हा सध्या पार्सलांची खैर नाही.

नव्या जागी पहिल्या दिवशी घाबरशील. घाबर. सगळेच घाबरतात, फक्त त्यांना समालोचन ऐकू येत नाही. आमचे आशीर्वाद तुझ्या पुढे धावत गेलेच आहेत.

तुझी
मामी


२५ सप्टेंबर

ती. मामीस आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मी इथला पहिला पाय एकटीने केला. मोजमापापासून शेवटच्या पट्ट्यापर्यंत. प्रमुख लांबून नुसते बघत होते.

ज्यांचा पाय, त्या बाईंचं केस कापायचं दुकान आहे. अपघातात पाय गेला, तेव्हापासून दुकान बहीण चालवते, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बहीण अख्ख्या पेठेची डोकी नासवते आहे. चालण्याबद्दल त्यांनी पहिल्या दिवसापासून काही विचारलं नाही. एकच विचारायच्या, उभं राहता येईल का? जन्मभर उभं राहून कमावलंय, बसून मला विचारसुद्धा करता येत नाही, असं म्हणायच्या. मला रात्रभर तेच. पाऊल अर्धा अंश इकडे असावं की तिकडे? (घाबरू नका, झोपले. विचार झोपण्याआधी केला.)

पाय घालून पाहायचा दिवस आला. त्या दोन दांड्यांच्या मधे उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा, मुठी दांड्यांवर घट्ट, नजर नव्या पावलावर खिळलेली. खाली बघितलं की तोल जातोच. मी म्हटलं, पावलाकडे नको, समोर बघा. समोर मी होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली. विचारलं की हे केस कुणी कापले? मी म्हटलं, मीच, प्लॅस्टरच्या कात्रीने, मानेवर येत होते म्हणून. मामी, त्या बाईंना पाय गेल्याचं एवढं दुःख झालं नसेल! त्यांनी मला स्टूल आणायला सांगितलं, पर्समधून कात्री आणि कंगवा काढला आणि बस म्हणाल्या. मी प्रमुखांकडे पाहिलं. त्यांनी बहुतेक ऐकलं नव्हतं, पण मान डोलावली.

दांड्यांच्या टोकाशी बसले. दांड्यांवरचे त्यांचे हात केव्हा सुटले मला कळलं नाही, कारण ते माझ्या डोक्यावर होते. बहिणीचं काय चुकतं, कुरळे केस ओले असताना का कापू नयेत, कुठल्या गिऱ्हाइकाने टक्कल पडल्याचा दोष कात्रीला दिला, तोंड अखंड चालू. समालोचकाने मधे नाक खुपसायचा प्रयत्न केला, त्यांच्यापुढे त्याचा निभाव लागला नाही. त्या डावीकडे आल्या, मागे गेल्या, उजवीकडे आल्या. पाऊल कसं पडतंय, गुडघा कुठे जातोय, हे बघायला माझा जीव तीळतीळ तुटत होता. पण मी जरा मान वाकवली की टपकन कंगवा बसायचा, सरळ बघ म्हणून. वर्कशॉपमधले सगळे हातातली कामं टाकून दारात येऊन उभे राहिले होते. पाय केला मी, आणि तो न दिसणारी तिथे मी एकटीच.

शेवटी त्यांनी मानेवरचे केस झटकले आणि आरसा धरला. म्हणाल्या, आता माणसात आलीस. मी आभार मानले, आणि मग न राहवून विचारलं की पाय कसा आहे?

त्यांनी मला विचारलं, कुठला?

फोटो पाठवत नाही, केस बघायला दोघी या. मामाला पाट्या वाचायला पुढे बसवा. तुम्ही येईपर्यंत वाट बघण्यात सुख मानणारी,

भिंगरी